गिनिपिगच्या रक्तद्रवातून परळच्या वॉर्डात : प्रस्तावना

हे पुस्तक एकाच औषधाविषयी आहे. त्याचे नाव एल-ॲस्पॅराजिनेज. केसपेपरवर ते ‘एल-ॲस्प’ असे त्रोटक लिहिलेले असते आणि असे बहुतेक केसपेपर लहान मुलांचे असतात. मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात हे इंजेक्शन गेली पन्नासहून अधिक वर्षे टिकून आहे. व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, मेथोट्रेक्झेट, मर्कॅप्टोप्युरिन ही त्याच्या सोबतीची औषधे. ती सगळी लहान रेणूंची रसायने आहेत. ॲस्पॅराजिनेज मात्र विकर, म्हणजे एन्झाइम आहे. एका जिवाणूने स्वतःच्या पोटापाण्यासाठी घडवलेले मोठे प्रथिन. या एका फरकामुळे त्याचा गुण वेगळा, त्याचे धोके वेगळे आणि त्याला सांभाळण्याची रीतही वेगळी.

एका औषधावर अख्खे पुस्तक कशासाठी, असे कोणी विचारील. ज्यांच्या घरात हा आजार आला आहे ते विचारणार नाहीत. त्यांचे प्रश्न निराळे असतात. महिन्याभरात बोन मॅरोचा रिपोर्ट चांगला आला, मग आणखी दोन वर्षे उपचार कशाला? एकाच औषधाची एक बाटली स्वस्त आणि दुसरी कित्येक पटींनी महाग, हे कसे? इंजेक्शन बर्फातूनच का न्यायचे? मागच्या वेळी अंगावर गांधी उठल्या, आता पुढचा डोस द्यायचा की नाही? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ॲस्पॅराजिनेजच्या घडणीत आहे. ती घडण समजली की डॉक्टरांचे सांगणे पटते, आणि पटलेले सांगणे माणूस निभावून नेतो.

पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारण बुऱ्हाणपूर हे गावच आहे. १५ ऑगस्ट २००३ पासून हा खंडव्यातून निघालेला वेगळा जिल्हा, राज्य मध्य प्रदेश. पण तापीच्या खोऱ्यातली सोयरीक राज्याची हद्द पाहून होत नाही. लेकी रावेरला, सावद्याला, मुक्ताईनगरला दिलेल्या. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि उर्दू, शेतावर निमाडी नाहीतर खानदेशी. मोठे दुखणे आले की येथून वाट दोन दिशांना फुटते: एक इंदूरकडे, दुसरी भुसावळमार्गे मध्य रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईकडे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये पोहोचलेल्या आईच्या हातात कागद पुष्कळ येतात. त्यांतले बरेचसे इंग्रजीत असतात, आणि गावी थांबलेल्या आजीला फोनवरून ते समजावून सांगता येत नाहीत. ती आई आणि ती आजी, दोघी या पुस्तकाच्या वाचक आहेत. गल्लीतला डॉक्टर आणि औषधाच्या दुकानात फ्रीज सांभाळणारा मुलगाही आहे.

आधी आजार. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरात रक्त तयार होते. तेथे लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी घडताना मध्येच अडकतात, प्रौढ होत नाहीत आणि बेसुमार वाढत जातात. या अर्धवट पेशींना ब्लास्ट म्हणतात. त्यांच्या गर्दीत तांबड्या पेशींना जागा उरत नाही, म्हणून मूल फिकट पडते. प्लेटलेट कमी होतात, म्हणून अंगावर लाल-निळे डाग उमटतात, हिरड्यांतून रक्त येते. कामाच्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप येतो, जातो, पुन्हा येतो. पाय दुखतात म्हणून मूल रात्री रडते आणि घरचे म्हणतात, खेळून दमले असेल. आपल्याकडे अशा तापाचा पहिला संशय मलेरियावर आणि टायफॉइडवर जातो. त्यात गैर काही नाही. ते आजार येथे आहेतच. पण साधी सीबीसी आणि काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा एक थेंब नीट पाहणारा पॅथॉलॉजिस्ट यांवर बरेच अवलंबून असते. ब्लास्ट बहुधा तेथेच पहिल्यांदा दिसतात.

येथे एक गोष्ट आमच्या भागातल्या डॉक्टरांसाठी आवर्जून लिहितो. न उतरणाऱ्या तापावर किंवा सांधेदुखीवर, निदान झालेले नसताना, स्टेरॉइड देऊ नये. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या वितळतात, मुलाला चार दिवस बरे वाटते, आणि खरे निदान झाकले जाते. पुढे निदान होते तेव्हा आजार मुळात किती गंभीर होता हे ठरवणे अवघड होऊन बसते, आणि उपचार किती तीव्र द्यायचे हे त्या ठरवण्यावरच अवलंबून असते.

आता औषध काम कसे करते ते. प्रत्येक पेशीला प्रथिने बांधण्यासाठी अमिनो आम्ले लागतात. ॲस्पॅराजिन हे त्यांपैकी एक. फ्रान्समधल्या वॉक्लाँ आणि रोबिके यांनी १८०६ मध्ये ते ॲस्पॅरॅगस नावाच्या भाजीच्या रसातून वेगळे काढले. माणसाने निसर्गातून वेगळे केलेले हे पहिले अमिनो आम्ल. शरीरातल्या बहुतेक पेशी ते स्वतः तयार करतात, कारण त्यांच्याकडे त्यासाठीचे यंत्र, ॲस्पॅराजिन सिंथेटेज नावाचे विकर, पुरेसे असते. ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्टकडे ते फार कमी असते. त्या पेशी रक्तातून आयते येणाऱ्या ॲस्पॅराजिनवर जगतात. बुऱ्हाणपूरकरांना हे समजायला कुंडी भंडारा पुरे. अब्दुल रहीम खानखानांच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून जमिनीखालून झिरपणारे पाणी कुंड्यांच्या माळेतून शहरात आणले गेले. ज्याच्या अंगणात स्वतःची विहीर आहे त्याला कुंडीचे पाणी बंद झाले तरी चालते. ज्याचे सगळे त्या वाहत्या पाण्यावरच, तो तहानेने मरतो. ॲस्पॅराजिनेज रक्तातल्या ॲस्पॅराजिनचे ॲस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया असे तुकडे करते. पुरवठा तुटतो. विहीर असलेल्या पेशी तगतात, नसलेल्या मरतात.

यावरून एक समज हमखास होतो, तो येथेच दूर करतो. ॲस्पॅराजिन खाण्यातून येते, तर मग त्या भाज्या, त्या डाळी, दूध बंद करावे, असे काही घरांत ठरते. त्याने काही साधत नाही. आहारातून ॲस्पॅराजिन वगळले तरी यकृत ते बनवून रक्तात सोडतच राहते. उलट केमो चालू असलेल्या मुलाच्या तोंडचे अन्न तोडले तर त्याचे वजन घटते, जंतुसंसर्ग वाढतो आणि डोस पुढे ढकलावे लागतात. डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य तेवढे पाळावे. ते मुख्यतः स्वच्छतेचे असते: ताजे शिजवलेले अन्न, उकळलेले पाणी, आणि पॅन्क्रियाजला किंवा रक्तातल्या साखरेला त्रास झाला असेल तर त्यापुरते निर्बंध.

औषधाचा शोध गिनिपिगमुळे लागला. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जॉन किड हे उंदरांमधल्या लिम्फोमावर प्रयोग करत होते. त्या प्रयोगांत गिनिपिगचा रक्तद्रव वापरला जाई, कारण प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला लागणारे ‘कॉम्प्लिमेंट’ त्यात भरपूर असते. किड यांना दिसले की नुसता हा रक्तद्रव टोचला तरी उंदरांच्या गाठी विरघळतात. सशाच्या आणि घोड्याच्या रक्तद्रवाने तसे होत नव्हते. गिनिपिगच्या रक्तातच असे काय आहे?

उत्तर यायला आठ वर्षे लागली, आणि ते जुन्या कागदांतून आले. गिनिपिगच्या रक्तात ॲस्पॅराजिनेज मोठ्या प्रमाणात असते हे इटलीच्या क्लेमेंटी यांनी १९२२ मध्येच लिहून ठेवले होते. त्यांच्यापुढे तेव्हा कर्करोगाचा प्रश्नही नव्हता. दुसरीकडे, काही कर्करोगपेशी काचेच्या भांड्यात वाढवताना बाहेरून ॲस्पॅराजिन घालावे लागते हे १९५६ मध्ये दिसले होते. जॉन ब्रूम यांनी ही दोन टोके किड यांच्या निरीक्षणाशी जुळवली आणि १९६१ मध्ये दाखवून दिले की गाठी विरघळवणारा पदार्थ हे विकरच आहे. कोणताही उपयोग समोर नसताना केलेली एक नोंद चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी मुलाच्या कामी आली. मूलभूत संशोधनावरचा खर्च ज्यांना वायफळ वाटतो त्यांनी क्लेमेंटींच्या त्या नोंदीचा विचार करावा.

पण माणसाला पुरेल इतके औषध काढायला गिनिपिग किती लागतील? १९६६ मध्ये ल्युकेमिया असलेल्या एका मुलाला गिनिपिगपासूनचे विकर दिल्याची नोंद आहे, तरी त्या वाटेने उपचार उभा राहणे शक्य नव्हते. वाट काढली ती जिवाणूंनी. १९६४ मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी ई. कोलाय या जिवाणूपासून ॲस्पॅराजिनेज मिळवले आणि तेही गाठींवर चालते हे सिद्ध केले. पुढे कळले की ई. कोलाय दोन प्रकारची ॲस्पॅराजिनेज बनवतो. त्यांतल्या एकाचीच ॲस्पॅराजिनवरची पकड इतकी घट्ट असते की रक्तातल्या अल्प प्रमाणालाही ते पकडू शकते. औषध तेच झाले. अमेरिकेत त्याला १९७८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

दुसरा जिवाणू आमच्या केळीच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा निघावा, हे मला विलक्षण वाटते. बुऱ्हाणपूर, रावेर, यावल या पट्ट्यात पोंगासड आणि कंदकूज कोणाला माहीत नाही? कृषी सहायक त्याला ‘इर्विनिया रॉट’ म्हणतो. त्याच इर्विनिया कुळातल्या एका जिवाणूपासून दुसरे ॲस्पॅराजिनेज मिळते. ते पहिल्यांदा तयार झाले इंग्लंडमधल्या पोर्टन डाउनला, जैविक शस्त्रांच्या अभ्यासासाठी उभारलेल्या संस्थेत, १९६० च्या दशकात. ई. कोलायच्या औषधाची ज्या मुलांना ॲलर्जी होते त्यांच्यासाठी हे दुसरे विकर आधार ठरते, कारण दोन्ही प्रथिनांची ठेवण वेगळी आहे आणि एकाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये सहसा दुसऱ्याला ओळखत नाहीत. उणीव अशी की ते रक्तात फार थोडा वेळ टिकते, म्हणून वारंवार द्यावे लागते. शिवाय ते महाग आहे आणि जगभर त्याचा तुटवडा अनेकदा पडला आहे.

तिसरे रूप पेगॅस्परगेज. ई. कोलायच्याच विकराला पॉलिइथिलिन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडल्या की शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला ते चटकन ओळखता येत नाही आणि ते रक्तात बरेच दिवस राहते. साध्या ई. कोलाय ॲस्पॅराजिनेजचे रक्तातले प्रमाण साधारण सव्वा दिवसात निम्मे होते. पेगॅस्परगेजला त्यासाठी पाच ते सहा दिवस लागतात. म्हणून जेथे साध्या औषधाची आठ-दहा इंजेक्शने लागतात तेथे याची एखाद-दोन पुरतात. अमेरिकेत ते १९९४ मध्ये आले.

आता परळ. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या मुळाशी ल्युकेमियाच आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ च्या जूनमध्ये ल्युकेमियाने गेल्या. तेव्हा या आजारावर जगात कोठेही उपचार नव्हता. त्या घराण्याच्या संपत्तीलाही तो विकत घेता आला नसता. दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावे लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापला आणि त्याचा पैसा जगभरच्या ल्युकेमिया संशोधनासाठी ठेवला. त्याच वर्षी तेही गेले. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले.

त्यानंतर सात वर्षांनी, १९४८ मध्ये, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये औषधाने आजार पहिल्यांदा तात्पुरता ओसरल्याचे दाखवले. ते औषध अमिनोप्टेरिन. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ मध्येच ते वारले. आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांच्यावर एक धडा असायला हवा.

भारतात मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाही या आजारातून वाचणारी मुले पाचांत एक इतकीच होती. औषधे होती, पण ती कोणत्या क्रमाने, किती आणि किती काळ द्यायची याची एकसारखी शिस्त नव्हती. ती आली एमसीपी-८४१ या उपचारपद्धतीने. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईच्या अड्यारची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी १९८४ पासून ती टप्प्याटप्प्याने स्वीकारली. तिच्या पहिल्याच टप्प्यात ॲस्पॅराजिनेजची दहा इंजेक्शने होती, एक दिवसाआड. तिच्या वापराच्या चौदा वर्षांचा हिशेब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: एक हजाराहून अधिक रुग्ण, आणि चार वर्षांनंतरही आजार न उलटलेल्यांचे प्रमाण विसाच्या आतून पंचेचाळीस ते साठ टक्क्यांवर. या मुलांना कोणतेही नवे औषध मिळाले नव्हते. जुनीच औषधे ठरल्याप्रमाणे, वेळेवर, पूर्ण मिळाली.

बरी झालेली मुले मोठी झाली तेव्हा त्यांचे पुढचे आयुष्य कोण पाहणार, हा प्रश्न उभा राहिला. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी खास ओपीडी सुरू केली. ‘बरा झालो’ या शब्दाला त्या ओपीडीमुळे वहीतली नोंद मिळाली. एखाद्या घरी नुकतेच निदान झाले असेल, तर अशी बरी होऊन शिकलेली, नोकरीला लागलेली, लग्न झालेली माणसे आहेत ही पहिली माहिती त्यांना द्यावी. बाकीचे सगळे नंतर.

या पुस्तकात सर्वांत जास्त पाने मी ज्या विषयाला दिली आहेत तो आता सांगतो: दिलेले इंजेक्शन आणि लागलेले इंजेक्शन यांतले अंतर.

ॲस्पॅराजिनेज उपयोगी पडायचे तर रक्तात त्याची क्रियाशीलता एका पातळीवर राहावी लागते. बहुतेक तज्ज्ञ ती मिलिलिटरला ०.१ आंतरराष्ट्रीय एकक मानतात. त्याखाली गेले तर ॲस्पॅराजिन पुन्हा साचते आणि ल्युकेमियाच्या पेशींना खाऊ मिळतो. पातळी खाली जाण्याची कारणे तीन. पहिले, शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते. कधी त्याची खूण दिसते: गांधी, खाज, धाप, रक्तदाब पडणे. कधी काहीच दिसत नाही, इंजेक्शन सुखरूप होते आणि आत ते निकामी होऊन गेलेले असते. ही मुकी ॲलर्जी रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दुसरे, औषध रस्त्यात बिघडते. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पिशवीचे काय होते ते सांगायला नको. तिसरे कारण सर्वांत क्लेशदायक: बाटलीतच पुरेसे चांगले औषध नसणे.

२०२१ मध्ये कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरमधल्या संशोधकांनी भारतात मिळणाऱ्या ई. कोलाय ॲस्पॅराजिनेजच्या जेनेरिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली आणि त्यांची गुणवत्ता असमाधानकारक असल्याचा निष्कर्ष काढला. काहींत विकराची क्रियाशीलता कमी होती, जिवाणूची इतर प्रथिने नको तितकी मिसळलेली होती. अशी भेसळ प्रतिकारयंत्रणेला चिथावते. ब्राझीलमध्येही २०१७ मध्ये आयात केलेल्या एका ॲस्पॅराजिनेजवरून मोठा वाद झाला होता. मी जेनेरिक औषधांच्या विरोधात नाही. स्वस्त जेनेरिक नसते तर आमच्या भागातल्या कित्येक मुलांचे उपचार सुरूच झाले नसते. पण पॅरासिटामॉलसारखा लहान रेणू जसाच्या तसा बनवणे आणि जिवंत जिवाणूकडून एवढे मोठे प्रथिन शुद्ध स्वरूपात काढणे, ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. दुसऱ्याची तपासणी पहिल्याच्या नियमांनी करून भागणार नाही. ज्या देशात ही बाटली स्वस्त झाली त्या देशाने ती खरी असल्याची हमीही द्यायला हवी.

डोस चुकल्याने किती फरक पडतो? बोस्टनच्या डॅना-फार्बर संस्थेच्या एका अभ्यासात मुलांना तीस आठवडे ॲस्पॅराजिनेज द्यायचे ठरले होते. ज्यांना सव्वीस किंवा अधिक आठवडे ते मिळाले त्यांच्यापैकी नव्वद टक्के मुले पाच वर्षांनंतरही आजाराविना होती. ज्यांना त्रासामुळे पंचवीस आठवड्यांपर्यंतच मिळाले त्यांच्यात हे प्रमाण त्र्याहत्तर टक्के. इतके एका औषधावर अवलंबून आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे: ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्रात ॲस्पॅराजिनेजची रक्तातली क्रियाशीलता मोजण्याची सोय असावी, निदान नमुना पाठवण्याची व्यवस्था तरी असावी. आज ही चाचणी देशातल्या मोजक्याच प्रयोगशाळांत होते. मुंबई, दिल्ली, चंडीगड, चेन्नई आणि कोलकाता येथल्या पाच केंद्रांनी मिळून २०१६ मध्ये आयसीक्ल या नावाने देशातली मोठी सामायिक चाचणी सुरू केली, ही आशेची बाब आहे. एकत्र मोजले तरच असे दोष उघडे पडतात. पण ही सोय इंदूरलाही हवी आणि जळगावलाही हवी.

त्रासांविषयी थोडक्यात, कारण पुस्तकात ते प्रकरण सविस्तर आहे. या औषधाने केस जात नाहीत. ते बाकीच्या केमोमुळे जातात. याचे धोके निराळे. पोटात वरच्या बाजूला उठून पाठीकडे जाणारी जोरदार कळ आणि उलट्या, म्हणजे पॅन्क्रियाजची सूज असू शकते. सतत डोके दुखणे, झटका येणे, एक हात किंवा पाय सुजणे, म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. यकृतात तयार होणारी, रक्त गोठवणारी आणि गोठू न देणारी दोन्ही प्रकारची प्रथिने हे औषध कमी करते. स्टेरॉइडच्या जोडीने रक्तातली साखर वाढते, बहुधा ती पुढे उतरते. इंजेक्शन दिल्यावर किमान तासभर दवाखान्यात थांबायला सांगतात ते ॲलर्जीसाठी, आणि तो तास गाडी चुकेल म्हणून कधीही टाळू नये. गावी परतल्यावर यांतले काही दिसले तर जवळच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावे: मुलाला ॲस्पॅराजिनेज चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला. तारखेची चिठ्ठी खिशात ठेवावी.

नव्या उपचारांविषयी पालक हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. अभिमान वाटावा असे ते काम आहे. पण ते उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या आजारासाठी आहे, तेही ठरावीक वयाच्या वरच्या रुग्णांसाठी. नुकतेच निदान झालेल्या मुलाची भिस्त आजही जुन्या औषधांच्या पूर्ण मात्रेवरच आहे.

पैशांची आणि मुक्कामाची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे, तरी तीन गोष्टी येथेच सांगतो. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या नोंदणीकृत रुग्णालयातही चालते. निघण्यापूर्वी त्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का ते पाहावे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यात रुग्णाला पूर्ण, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा. आणि मुंबईत राहायची सोय नाही म्हणून उपचार नाकारू नये. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे, अशा जागा त्यासाठीच उभ्या आहेत. तेथे जागा मिळवायची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे करावी.

या आजारात आपल्या देशात मुले दगावतात त्यामागे उपचार मध्येच सोडणे हे एक मोठे कारण आहे. ते बहुतेक वेळा पहिल्या महिन्यानंतर घडते. ताप गेलेला असतो, मूल खेळू लागलेले असते, मॅरोत ब्लास्ट दिसत नाहीत, शेतात केळीची कापणी आलेली असते किंवा लूम बंद राहून कर्ज वाढलेले असते. तेव्हा घरातले कोणीतरी म्हणते, आता बरा आहे, पुढच्या महिन्यात पाहू. सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत अशा लाखो ल्युकेमियाच्या पेशी त्या वेळी शरीरात शिल्लक असतात. वाचकहो, तुमच्या घरी, शेजारी, नात्यात असे मूल असेल तर त्या महिन्यात त्या घरी जा. गाडीभाडे, कार्डाचे कागद, शेतावरचा माणूस, घरी राहिलेल्या धाकट्या भावंडाचे जेवण, यांतले जे जमेल ते उचला, आणि मुलाला पुढच्या तारखेला रुग्णालयात पोहोचवा.